हीट पंप जिन्याखाली कोंडू नका

श्रावणात गुहागरजवळच्या एका वाडीतून वहिनींचा फोन आला. मावसभावाने घरातच चार खोल्यांचा होमस्टे काढला आहे आणि पाहुण्यांच्या गरम पाण्यासाठी उन्हाळ्यात नवा हीट पंप बसवून घेतला होता. "भावोजी, हे मशीन पाणी तापवतं की खोली गार करतं? नळाला कोमट पाणी येतंय, आणि जिन्याखालच्या खोलीत तांदळाच्या पोत्याला बुरशी धरलीय."

मी म्हटलं, "वहिनी, दोन्ही करतं. म्हणून तर घोटाळा झालाय."

बसवणाऱ्याने दोनशे लिटरचं यंत्र जिन्याखालच्या खोलीत उभं केलं होतं. बाहेर खारा वारा लागून गंजेल, आत सुरक्षित राहील, असं त्याचं म्हणणं. ते निम्मं बरोबर होतं. उरलेलं निम्मं म्हणजे हवा, आणि तिचा विचार कोणी केलेलाच नव्हता. किनाऱ्यावर असे हीट पंप आता बरेच दिसू लागलेत आणि तक्रारीही ठरलेल्याच असतात: पाणी तापायला वेळ लागतो, खोलीला ओल येते, भिंतीवरून पाणी ओघळतं. मी एसीची कामं करतो, त्यामुळे हे फोन माझ्याकडे येतात. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

हे यंत्र करतं काय

फ्रिजच्या पाठीला हात लावून पाहा, गरम लागतो. आतल्या भाजीतली उष्णता उपसून तो पाठीमागे टाकतो. हीट पंपचं कामही तेच. तो खोलीतल्या हवेतली उष्णता उपसतो आणि टाकीतल्या पाण्यात टाकतो. आत एक गार कॉइल असते. पंखा तिच्यावरून हवा ओढतो, हवा आपली उष्णता तिथे सोडते आणि गार होऊन बाहेर पडते. कॉम्प्रेसर ती उष्णता दाबून वरच्या तापमानाला नेतो.

आगरातला रहाट आठवा. बैल पाणी निर्माण करत नाही, विहिरीतलं वर काढतो. इथे वीज म्हणजे बैल आणि उष्णता म्हणजे पाणी. साधा गिझर एक युनिट वीज जाळतो आणि एक युनिट उष्णता देतो. हीट पंप आपल्याकडच्या उबदार हवेत एका युनिटात तीन ते साडेतीन युनिट उष्णता पाण्यात घालतो. दोनशे लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे ७ युनिट उष्णता लागते. गिझरला त्यासाठी ७ युनिट वीज द्यावी लागते, हीट पंपला २ युनिटांच्या आसपास.

उरलेली पाच युनिटं हवेतून येतात. पण विहिरीला झरा नसेल तर रहाट किती वेळ फिरणार?

खोली किती मोठी हवी?

वहिनींची जिन्याखालची खोली पाच बाय सहा फूट, उंची सरासरी आठ. म्हणजे २४० घनफूट. या आकाराचं यंत्र तासाला साधारण ४०० घनमीटर हवा फिरवतं. हिशेब केला तर त्या खोलीतली सगळीच्या सगळी हवा दर मिनिटाला एकदा यंत्रातून जात होती. दार बंद. तीच हवा, पुन्हा पुन्हा पिळलेली. भिंतीतून झिरपेल तेवढ्याच उष्णतेवर यंत्राचा गुजारा चालला होता.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्ला असा की डक्टशिवाय, म्हणजे हवा नेणाऱ्या नळीशिवाय, हे यंत्र ठेवायचं तर भोवती निदान १००० घनफूट हवा हवी, म्हणजे दहा बाय दहा बाय दहाची खोली. आपल्याकडच्या मोकळ्या पडवीला आणि कौलाखालच्या माळ्याला हे सहज जमतं. कौलांच्या फटीतून हवा सतत येत-जात असते, ते निराळंच. जुन्या कौलारू घरात माळ्यावर ठेवलेलं यंत्र विनातक्रार चालतं आणि शेजारच्या स्लॅबच्या बंगल्यातलं तेच यंत्र कुरकुरतं, त्याचं कारण हेच. फक्त भरलेल्या टाकीचं वजन तीनशे किलोच्या घरात जातं, तेव्हा माळ्याचे वासे-तुळया सुताराला दाखवल्याशिवाय तिथे जाऊ नका.

खोली लहान असेल तर दोनच उपाय. एक, दाराला वर आणि खाली मोठ्या जाळ्या किंवा झडपांची झिलमिल बसवून शेजारच्या मोठ्या खोलीशी हवा जोडून घ्यायची. दुसरा, डक्ट.

एक डक्ट की दोन?

डक्ट म्हणजे हवेची बंदिस्त नळी. एक बाहेरची हवा यंत्रापर्यंत आणते, दुसरी गार झालेली हवा बाहेर नेऊन सोडते. खर्च वाचवायला बरेच जण फक्त दुसरी लावतात आणि आत घेण्याचं काम खोलीवर सोपवतात.

यात एक मेख आहे. घरातून तासाला ४०० घनमीटर हवा बाहेर फेकली, तर तेवढी कुठून तरी आत यायलाच हवी. ती खिडक्यांच्या फटींतून येईल, दाराखालून येईल, आणि न्हाणीघरात चूल किंवा गॅस गिझर असेल तर त्याच्या धुराड्यातून उलटी खाली येईल. चुलीचा धूर निदान डोळ्यांना कळतो. गॅस गिझरमधून येऊ शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो, आणि त्याने माणसं दगावतात. म्हणून माझा नियम साधा आहे: त्याच घरात जळणारं काही असेल, तर दोन्ही डक्ट बाहेर. यावर घासाघीस नाही.

काही नव्या यंत्रांत गार करणारा वायू म्हणून प्रोपेन असतो. तो आपल्या सिलिंडरमधल्या वायूच्याच कुळातला, हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचणारा. असं यंत्र आत ठेवायचं असेल तर कंपनीच्या पुस्तिकेत खोलीचा आकार आणि खालच्या झरोक्याबद्दल जे लिहिलं आहे ते अक्षरशः पाळा. देवघराच्या समईशेजारी तर नकोच.

नळीकडे पाटासारखं पाहा

पोफळीच्या वाडीत शिंपणं काढणाऱ्याला हे शिकवायला लागत नाही. पाट रुंद असेल तर पाणी निवांत धावतं. अरुंद केला, मध्येच काटकोनात वळवला, तळाशी खडबडीत ठेवला, की शेवटच्या आळ्यापर्यंत पोचत नाही. हवेचंही तसंच, फक्त ती दिसत नाही म्हणून आपण फसतो.

या यंत्रांतला पंखा लहान असतो. त्याला किती रेटा पेलतो ते पुस्तिकेत पास्कल या मापात दिलेलं असतं. दहा पास्कल म्हणजे एक मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या थराचा दाब. त्यामुळे तीस-चाळीस पास्कल ऐकायला भारी वाटले तरी ते जेमतेम तीन-चार मिलिमीटर पाणी आहे. फुंकर म्हणा ना.

आता आकडे पाहा. तासाला ४०० घनमीटर हवा सहा इंची नळीतून नेली तर दर मीटरमागे साधारण ३ पास्कल खर्च होतात. तीच हवा आठ इंची नळीतून नेली तर पाऊण पास्कलही नाही. दोन इंच वाढवले आणि अडथळा चौथ्या हिश्शावर आला. बाजारात सहा इंची पीव्हीसी पाइप सहज मिळतो म्हणून तोच लावला जातो, आणि दहा मीटर लांबीत पंख्याचा सगळा जीव जातो.

वळणं त्याहून महाग. सहा इंची नळीत एक कडक काटकोन हा आठ-नऊ मीटर सरळ नळीइतका अडवतो. तेच वळण मोठ्या गोलाईने घेतलं तर खर्च दीड-दोन मीटरवर येतो. सुरळीसारखी लवचीक नळी जोडणीपुरती हातभर ठीक. पण ती नीट ताणून न बसवता माळ्यावरून लोळवत नेली की आतल्या चुण्या हवेला गिळतात. वहिनींकडे दुसऱ्यांदा आलेल्या माणसाने अशीच सात मीटर लोळवली होती, तीन ठिकाणी झोळ पडलेली. झोळांत पाणी साचलं होतं, त्याबद्दल पुढे.

हवा कमी पडली की यंत्र लगेच बंद पडत नाही. ते गुपचूप जास्त वीज खातं. कॉइल अधिक गार होत जाते, आणि ढोबळमानाने दर अंशामागे दोन-तीन टक्के कार्यक्षमता घसरते. तक्रार येते ती थेट बिलातून, दोन महिन्यांनी.

कोकणातला खरा प्रश्न: पाणी

या यंत्रांच्या पुस्तिका बहुतेक थंड देशांतल्या हिशेबाने लिहिलेल्या असतात. त्यांची चिंता अशी की गार हवेने हिवाळ्यात घर थंड पडेल, कॉइलवर बर्फ धरेल. आपल्याकडे जानेवारीची पहाटही त्या मानाने उबदारच. आपली चिंता वेगळी आहे.

जुलैमध्ये बाहेर २९ अंश आणि हवेत ८५ टक्के दमटपणा धरा. अशी हवा २६ अंशांपर्यंत उतरली की तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते. या तापमानाला दवबिंदू म्हणतात. थंडगार ताकाच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, ते याचमुळे. कॉइल तर त्याहून किती तरी गार. मी केलेल्या हिशेबानुसार वहिनींच्या यंत्रातून पावसाळ्यात तासाला एक ते दीड लिटर पाणी गळायला हवं. आम्ही खाली तांब्या ठेवून पाहिलं, तासाभरात तो भरून वाहिला.

गंमत म्हणजे यंत्राला हे आवडतं. एक लिटर वाफेचं पाणी होताना ती सुमारे दोन तृतीयांश युनिट उष्णता सोडते, आणि तीही आपल्या टाकीतच जाते. पावसाळ्यात यंत्राने हवेतून घेतलेल्या उष्णतेतला निम्म्याहून जास्त वाटा या दमटपणाचा असतो. म्हणूनच पावसात बाहेर पडणारी हवा फारशी गार लागत नाही, जेमतेम चार अंशांचा फरक. जानेवारीतल्या कोरड्या हवेत मात्र तेच यंत्र नऊ-दहा अंश गार हवा सोडतं आणि पाणी थेंबभर. लोकांना उलट वाटतं.

तर या पाण्याची वाट आधी ठरवा. निचऱ्याच्या नळीला मीटरमागे निदान एक सेंटीमीटर उतार हवा. नळीला इंग्रजी यू आकाराचं वळण द्यायचं, त्यात पाणी भरून राहतं आणि पंखा नळीतून उलटी हवा किंवा मुंग्या ओढत नाही. हिवाळ्यात हे वळण सुकतं, तेव्हा महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावं लागतं. बाहेरचं टोक केळीच्या किंवा अळूच्या आळ्यात सोडा. हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायची टूम आहे, ती मला पसंत नाही. कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश त्यात उतरलेला असतो.

गार हवा नेणारा डक्ट स्वतःही घामेजतो. तो दमट माळ्यावरून जात असेल तर थेंब खालच्या फळ्यांवर पडतात आणि महिन्याभरात काळे डाग उमटतात. यासाठी त्याच्यावर नायट्रिल रबराची शीट चढवतात. १९ मिलिमीटर जाडी बहुतेक ठिकाणी पुरते, पण सांधे सलग चिकटवलेले हवेत. बोटभर फट राहिली तरी ओली हवा आत शिरते आणि रबराच्या आत पाणी धरतं, बाहेरून कळतही नाही. काचेची लोकर म्हणजे ग्लासवूल आपल्याकडे मी टाळतो. एकदा भिजली की ती वाळत नाही.

हा डक्ट यंत्रापासून बाहेरच्या दिशेने किंचित उतरता ठेवा. म्हणजे आत साचलेलं पाणी झोळांत न थांबता बाहेर जाईल आणि वाऱ्याने घुसलेला पाऊसही यंत्रापर्यंत चढणार नाही. आत येणाऱ्या हवेचा डक्ट सहसा कोरडा राहतो. तो एसीच्या खोलीतून नेला असेल तर मात्र तोही घामेजेल, पण आतून, कारण आता थंडावा बाहेर आणि दमट हवा आत असा उलटा मामला होतो. आणि बाहेरून आलेल्या नळीचा उतार बाहेरच हवा, हे तिथेही लागू.

तोंडं कुठे काढायची?

दोन्ही तोंडं शेजारी-शेजारी काढली तर सोडलेली गार हवा लगेच पुन्हा आत ओढली जाते. म्हणजे तीच बंद खोली, फक्त घराबाहेर. दीड-दोन मीटर अंतर ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे दोन तोंडं कोपऱ्याच्या दोन बाजूंना.

मोसमी वारा नैऋत्येकडून येतो. बाहेर सोडणारं तोंड पश्चिमेला समुद्राकडे काढलं तर आषाढातला वारा आपल्या फुंकरीएवढ्या पंख्याला सहज मागे रेटतो, आणि सोबत पाऊस आणि खार घेऊन येतो. पूर्वेकडची किंवा उत्तरेकडची भिंत धरा, वळचणीच्या आत, पागोळ्यांच्या रेषेपासून हातभर मागे. जांभ्याच्या भिंतीला भोक पाडणं सोपं, पण नळीभोवतीची फट नीट बुजवली नाही तर चिरा पावसाचं पाणी आत ओढून घेतो.

पावसाळ्याआधी पडवीला झापं किंवा निळी ताडपत्री बांधताना हे तोंड झाकलं जाणार नाही एवढं बघा. हसू नका. जूनमध्ये बंद पडलेल्या अशा दोन यंत्रांची दुरुस्ती मी सुतळी कापून केली आहे.

तोंडावर जाळी हवीच, पण मच्छरदाणीसारखी बारीक नको, ती धुळीने आणि खाराने चोंदते. बोटाच्या पेराएवढ्या भोकांची स्टेनलेस स्टीलची जाळी लावा आणि ३१६ प्रतीचं स्टील मागा. ३०४ प्रतीला समुद्राजवळ तांबूस डाग पडतात. साध्या जस्त चढवलेल्या पत्र्याचे डक्टही किनाऱ्यावर लवकर खराब होतात. पीव्हीसी किंवा तयार इन्सुलेशनवाले पॅनेल बरे. स्क्रू आणि पट्ट्यांचा विचार शेवटी होतो, आणि गंजतात मात्र त्याच पहिल्या.

"एवढा व्याप करण्यापेक्षा बाहेरच लावू की"

हा आक्षेप मला मान्य आहे, अर्ध्या घरांपुरता. समुद्रापासून आत, पूर्वेच्या खोल वळचणीखाली जागा असेल तर यंत्र बाहेर ठेवा आणि डक्टचं नाव काढू नका. सर्वांत चांगला डक्ट म्हणजे लावावाच न लागलेला डक्ट.

पण घर लाटांच्या आवाजाच्या टप्प्यात असेल तर गणित फिरतं. कॉइलमध्ये तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमचे पातळ पापुद्रे एकमेकांना चिकटून असतात. दोन निराळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे छोटी बॅटरीच झाली, आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जातं. पापुद्र्यांवर संरक्षक लेप असतो, पण नुसता निळा रंग बघून भुलू नका, किनाऱ्यासाठीचा लेप आहे का ते लेखी विचारा. शिवाय ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्याने छपरांवरच्या वस्तूंचं काय होतं ते पाहिलं आहे. यंत्र आत ठेवलं तर टाकी, कॉम्प्रेसर आणि वायरिंग वाचतं. कॉइलवर खारी हवा डक्टमधूनही येतेच, म्हणून वर्षातून दोनदा गोड्या पाण्याने ती हलक्या हाताने धुवावी लागते, आणि तेवढ्यासाठी यंत्रासमोर माणूस बसेल इतकी जागा सोडा.

"गार हवा मिळतेच तर एसी कशाला?"

कारण ती तुटपुंजी आहे. एका टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता काढतो. हे यंत्र काढतं दीड किलोवॅटच्या आत-बाहेर, तेही टाकी तापेपर्यंतच, म्हणजे दिवसाला तीन-चार तास. झोपायच्या खोलीत सोडाल तर पंख्याची घरघरही सोबत येईल.

स्वयंपाकघरात मात्र उपयोग आहे. मे महिन्यात आंबापोळीचा रस आटवताना चार अंशांचा दिलासाही मोठा. यंत्रातून निघताना ही हवा दवाने गच्च असते, पण तिच्यातली बरीच वाफ आधीच गळून गेलेली. खोलीत मिसळून पुन्हा गरम झाली की ती बाहेरच्या हवेपेक्षा कोरडी ठरते. त्यासाठी बाहेर सोडणाऱ्या डक्टवर एक झडप बसवतात: उन्हाळ्यात वाट स्वयंपाकघराकडे, एरवी बाहेर. गॅस पेटलेला असताना झोत शेगडीवर येता कामा नये, आणि घरात हवा सोडायची तर घेणंही घरातूनच हवं, नाहीतर दाबाचं तेच रडगाणं सुरू.

"सोलर असताना हे हवंच कशाला?"

मोकळी गच्ची आणि पुरेसं ऊन असेल तर सोलर घ्या, मी आड येणार नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो बहुतेक चार महिन्यांत. त्या दिवसांत सोलरच्या टाकीत बसवलेला विजेचा कॉइलच पाणी तापवत असतो, म्हणजे गिझरच. आणि माडापोफळीच्या सावलीतल्या घरांना बाकीच्या आठ महिन्यांतही ऊन पुरत नाही. हीट पंपला ऊन लागत नाही. त्याला हवा लागते.

वहिनींकडे शेवटी आठ इंची पीव्हीसीचे दोन डक्ट काढले. घेण्याचं तोंड उत्तरेला, सोडण्याचं पूर्वेला, प्रत्येकी एकच वळण, तेही गोल. तांदळाची पोती माळ्यावर हलवली. दिवाळीत गेलो तेव्हा पाणी कडक होतं, पण यंत्र पुन्हा जरा घुसमटल्यासारखं वाजत होतं. जाळी काढून पाहिली तर आत कुंभारमाशीने मातीची पाच घरटी बांधली होती.